सर्जनच्या हातात अवजार सगळ्यात कमी वेळ असतं

मी ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची, सिस्टर. मराठवाड्यातल्या सरकारी रुग्णालयांत माझी सगळी नोकरी स्क्रब होऊन, म्हणजे हात धुऊन निर्जंतुक कपडे आणि ग्लोव्ह्ज घालून, टेबलाशी उभं राहण्यात गेली. आता संभाजीनगर, नांदेड, लातूरकडची इंजिनिअरिंगची मुलंमुली सर्जनसाठी काहीतरी बनवायचंय म्हणून भेटायला येतात. हुशार लेकरं आहेत. बहुतेकांच्या लॅपटॉपवर एक सुबक चित्र असतं: ग्लोव्ह घातलेला हात आणि त्या हातात त्यांचं नवं अवजार. मी विचारते, या हातात यायच्या आधी ते कुठं होतं? आणि हातातून सुटल्यावर कुठं जाणार?

एका साध्या आर्टरी फोर्सेप्सचा दिवस बघा. सकाळी ती ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, ड्रममधून निघते. सिस्टर तिला ट्रॉलीवर मांडते, मोजते, सर्जनच्या तळहातात देते. रक्तवाहिनी धरली, गाठ बसली, की ती परत. मग रक्तानं माखून ट्रेमध्ये पडून राहते, पुन्हा मोजली जाते, मावशी तिला ब्रशनं घासतात, कुणी पुसतं, कुणी सांध्यात तेल सोडतं, गुंडाळतं, आणि पुन्हा वाफेत. या सगळ्या फेऱ्यात सर्जनच्या बोटांत ती काही मिनिटं असते. अवजार बनवायचं तर या पूर्ण फेऱ्यासाठी बनवा. मी पुढं जे सांगते ते सगळं याच एका गोष्टीसाठी.

आत येताना

ओटीत उभं राहिल्याशिवाय कागदावर रेघ ओढू नका. त्यासाठी अधिष्ठाता किंवा वैद्यकीय अधीक्षकांची लेखी परवानगी लागते, विभागप्रमुखांचा होकार लागतो आणि रुग्णाची संमती लागते. फोटोची संमती वेगळी, आणि त्यात चेहरा, नाव, केसपेपर काही दिसता कामा नये. नाश्ता करून या. उपाशी पोटी मास्क लावून रक्त बघत उभं राहिलं की चक्कर येते. निर्जंतुक हिरव्या कपड्यांपासून हातभर लांब राहा, हात मागं बांधा.

कोणती शस्त्रक्रिया बघायची, हेही आपल्या भागाकडं बघून ठरवा. इथं रोज सिझेरियन होतात, हर्निया, अपेंडिक्स, हाडं मोडलेली माणसं असतात. सोयाबीनची मळणी सुरू झाली की मळणीयंत्रात सापडलेले हात येतात, तेही रात्री, जेव्हा ओटीत माणसं सगळ्यात कमी असतात. यंत्रमानवानं केलेल्या शस्त्रक्रियेचे व्हिडिओ तुम्ही घरी बघू शकता. रात्री दोन वाजता एक सर्जन, एक भूलतज्ज्ञ, एक सिस्टर आणि एक मामा, म्हणजे ओटीतले मदतनीस, मिळून काय करतात, ते इथंच बघायला मिळतं.

पहिल्या दिवशी जखमेत बघूच नका. सर्जनची मान बघा, ती किती वेळ वाकलेली आहे. खांदे कानाकडं चढलेत का बघा. असिस्टंटचे हात बघा, ते कशानं थरथरतात. जमिनीवर किती वायरी आहेत आणि त्या ओलांडून कोण जातंय ते लिहा. सर्जननं न मागता सिस्टरनं काय पुढं केलं, तेही टिपून ठेवा.

आणि एक खूण सांगते. जिथं काहीतरी बँडेजनं बांधलेलं, चिकटपट्टीनं चिकटवलेलं किंवा भलत्याच अवजारानं अडकवलेलं दिसेल, तिथं तुमचा प्रोजेक्ट आहे. कॉटरीची, म्हणजे विजेनं कापायच्या आणि रक्त गोठवायच्या यंत्राची, वायर घसरू नये म्हणून आम्ही ती अ‍ॅलिस फोर्सेप्सनं कापडाला धरून ठेवतो. म्हणजे पोटात वापरायचं एक अवजार नुसत्या वायरीसाठी अडकून पडतं. तिचं पायाचं पेडल ओलं होऊ नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालतो. उंची कमी असलेल्या डॉक्टर मॅडमसाठी पायाखाली लाकडी स्टूल सरकवतो, आणि मग त्यांचा पाय पेडलपर्यंत पोचत नाही. या गोष्टी कुणी तक्रार म्हणून सांगणार नाही, कारण आम्हाला त्यांची सवय झालेली असते. तुम्हाला नाही, म्हणून तुमची नजर कामाची.

मग सिस्टरला मागचं कपाट उघडून दाखवायला सांगा. प्रत्येक मोठ्या ओटीत असं एक कपाट असतं, देणगीत आलेल्या किंवा खरेदी झालेल्या आणि पडून राहिलेल्या वस्तूंचं. एकेक बाहेर काढा आणि विचारा की ही का वापरत नाही. उत्तरं बहुतेक वेळा अशी येतात: हिची एक रबरी चकती मिळत नाही. ही धुताना उघडत नाही. हिची पुस्तिका परदेशी भाषेत आहे. हिला लागणारं एकदाच वापरायचं नळकांडं फार महाग. ही लावायला जितका वेळ जातो, तितक्यात सर हातानं काम उरकतात. त्या कपाटापुढं घालवलेली दुपार तुम्हाला ग्रंथालयातल्या महिन्यापेक्षा जास्त शिकवेल.

हात कुणाचा

ग्लोव्ह्ज सहा, साडेसहा, सात, साडेसात, आठ अशा मापांत येतात. तुम्ही हँडल आखता तेव्हा मनात कोणतं माप असतं? बहुधा तुमचा स्वतःचा हात. आज स्त्रीरोग विभागात आणि जनरल सर्जरीतही कितीतरी मुली आहेत, त्यांना सहा किंवा साडेसहाचे ग्लोव्ह्ज लागतात. 2004 साली अमेरिकेतल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सातशेहून जास्त सर्जनांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. साडेसहा किंवा त्याहून लहान ग्लोव्ह्ज वापरणाऱ्यांना ही अवजारं वापरणं जास्त अवघड जातं, असं तिच्यात दिसलं. आतडं टाचायच्या स्टेपलरसारखं अवजार लहान हाताच्या डॉक्टरला दोन्ही हातांनी दाबावं लागतं, हे मी टेबलाशी उभी राहून बघितलंय. दोष त्या हातांचा नाही.

म्हणून आधी हात मोजा. निदान दहा-बारा जणांचे पंजे कागदावर आखून घ्या, त्यात बाई, पुरुष, डावखुरे सगळे येऊ द्या. डावखुऱ्या सर्जनचं दुखणं वेगळं असतं. नीडल होल्डरचं, म्हणजे सुई धरायच्या अवजाराचं, आणि आर्टरी फोर्सेप्सचं कुलूप उजव्या अंगठ्याच्या दाबानं सुटेल असं घडवलेलं असतं. डाव्या हातात तोच दाब उलटा पडतो आणि ते सोडायला बोटं वाकडी करावी लागतात. तुमचं अवजार दोन्ही हातांनी चालत असेल, तर ते मोठं काम आहे.

नमुना पहिल्यांदा शाडूच्या मातीत किंवा थर्माकोलमध्ये करा, तो सर्जनच्या हातात द्या आणि गप्प बसा. कसं धरायचं ते सांगू नका. ते ज्या पद्धतीनं धरतील ती खरी. मग दोन ग्लोव्ह्ज एकावर एक घालायला लावा, कारण एचआयव्ही किंवा कावीळ-बीच्या रुग्णाला आम्ही तसंच करतो. हात साबणाच्या पाण्यात बुडवा आणि आता धरायला सांगा. रक्त आणि चरबीनं हात याहून निसरडे होतात. कोरड्या हातात छान बसणारी किती हँडल्स इथंच बाद होतात! गुळगुळीत, चमकदार पृष्ठभाग तर टाळाच. ओटीच्या दिव्याखाली 40,000 ते 1,60,000 लक्स प्रकाश पडतो आणि चकाकणारं स्टील तो थेट डोळ्यांत परत फेकतं. मॅट फिनिश करा.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आणखी एक गुंता आहे. पाच किंवा दहा मिलिमीटरच्या छिद्रातून लांब अवजार आत जातं, छिद्राशी ते टेकतं, त्यामुळं हात उजवीकडं नेला की टोक डावीकडं जातं. अवजार लांब असल्यानं हात वर येतो, कोपरं बाहेर फेकली जातात. हँडल कोपराच्या उंचीला यायचं तर टेबल खूप खाली न्यावं लागतं, आणि जुनी टेबलं तेवढी खाली जात नाहीत. तेव्हा नुसतं हँडल सुधारून भागत नाही. टेबल, स्टूल, पेडल आणि पडदा यांची मापं एकत्र घ्या. पडदा नजरेच्या थोडा खाली आणि समोर हवा. आमच्याकडं तो जिथं प्लग पॉइंट असेल तिथं असतो.

पाणी आणि वाफ

इथं मी जरा थांबून सांगणार आहे, कारण मुलं इथंच सगळ्यात जास्त चुकतात.

थ्रीडी प्रिंटरवर पीएलए नावाच्या प्लास्टिकचा नमुना करून आणतात. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. आमचा ऑटोक्लेव्ह 121 अंश सेल्सियसला, पंधरा पौंड दाबाखाली चालतो. जलद सायकल 134 अंशांची असते. दाखवायला पीएलए ठीक. पण जे खऱ्या पोटापाशी जाणार, ते वाफेतून शेकडो वेळा जाऊन तसंच्या तसं राहिलं पाहिजे. स्टील राहतं, चांगलं सिलिकॉन राहतं, पीक नावाचं प्लास्टिक राहतं पण महाग पडतं. धातूतही फरक आहे: कात्री आणि धार धरणाऱ्या अवजारांना 420 ग्रेडसारखं कडक होणारं स्टील लागतं, तर 304 आणि 316 ग्रेडची स्टीलं गंजाला जास्त दाद देत नाहीत पण धार धरत नाहीत. अवजारात सर्किट असेल तर ते वाफेत जाणार नाही. मग निर्जंतुक करायला ईटीओ (एथिलीन ऑक्साइड) वायू किंवा प्लाझ्माचं यंत्र लागतं. ईटीओनंतर वस्तू बराच वेळ हवेशीर ठेवावी लागते, त्यात शिरलेला वायू विषारी असतो. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात यातलं काही नसणार असंच धरून चाला. तिथं ऑटोक्लेव्ह आहे, तोच तुमचा खरा मापदंड. सर्किट हवंच असेल तर ते वेगळं निघेल किंवा निर्जंतुक पिशवीत बसेल, अशी रचना करा.

पण वाफेच्या आधी धुणं आहे. जिथं ब्रश पोचत नाही तिथं रक्त सुकतं, आणि सुकलेल्या रक्ताखाली वाफ पोचत नाही. अवजार कितीही वेळ ऑटोक्लेव्हमध्ये ठेवा, ते निर्जंतुक झालं असं म्हणता येत नाही. म्हणून प्रत्येक सांधा पूर्ण उघडला पाहिजे, शक्य तर दोन तुकडे सुटे झाले पाहिजेत. आंधळं भोक, उघडी स्प्रिंग, आटे दिसतील असा स्क्रू, कोरीव अक्षरं, बारीक जाळी हे सगळं टाळा. नळी असेल तर तिच्यातून ब्रश आरपार गेला पाहिजे, आणि तो ब्रश इथल्या दुकानात मिळाला पाहिजे.

आता आपलं पाणी. मराठवाड्यात पुष्कळ ठिकाणी बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं, क्षारांनी जड. त्यात धुतलेली अवजारं वाळली की पांढरे डाग पडतात, सांधे करकरतात, पुढं तांबूस ठिपके येतात. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ती जलदूत गाडी सगळ्यांच्या लक्षात असेल. अशा वर्षी ‘भरपूर वाहत्या पाण्यात धुवा’ असं पुस्तिकेत लिहिणं म्हणजे आमच्याकडं न बघता लिहिणं. तुमचं अवजार किती लिटर पाण्यात स्वच्छ होतं, ते मोजा आणि तो आकडा लिहा. शेवटचं खळाळणं आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यानं केलं तर डाग पडत नाहीत, हेही लिहा. भीतीपोटी पुष्कळ ठिकाणी अवजारं हायपोक्लोराइट या जंतुनाशकात रात्रभर बुडवून ठेवतात. त्यातलं क्लोरीन स्टीलला बारीक खड्डे पाडतं. हे होणार असं धरून तुमचा नमुना तशा पाण्यात मुद्दाम ठेवून बघा. वर मुलामा दिलेलं अवजार तर आणूच नका. मुलामा सुटतो आणि त्याची पापडी जखमेत जाते.

धुण्याच्या सूचना मराठीत, मोठ्या अक्षरांत, चित्रांसह, एका पानावर छापून द्या. ते पान सिंकच्या वर भिंतीला लागतं. मावशींना वाचून दाखवा, त्यांच्या हातानं एकदा धुवून घ्या. कुठं अडलं ते त्या लगेच सांगतील.

मोजदाद

शस्त्रक्रियेआधी, पोट बंद करण्याआधी आणि कातडी शिवताना आम्ही मॉप (रक्त टिपायची कापडं), सुया, अवजारं मोजतो. मॉपमध्ये एक्स-रेला दिसेल असा धागा असतो, तरी मोजतोच. तुम्ही अवजाराला एक सुटं टोपण जोडलंत की माझ्या मोजणीत एक नग वाढला. सुटणारा बारीक स्क्रू वाढवलात, तर तो पोटात पडू शकेल असा एक नग वाढला. भाग कमी करा. जे सुटतील ते डोळ्याला लांबून दिसतील एवढे मोठे, गडद रंगाचे करा. लाल सोडून, कारण आत सगळं लालच असतं. ट्रेला प्रत्येक वस्तूच्या आकाराचा खाचा असेल तर मोकळी जागा आपोआप बोलते.

आणि अवजार म्हणजे धातूच, असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 मध्ये शस्त्रक्रियेच्या सुरक्षेची एक यादी काढली, एकोणीस मुद्द्यांची, एका कागदावरची. भूल द्यायच्या आधी, चिरा घ्यायच्या आधी आणि रुग्ण बाहेर न्यायच्या आधी थांबून मोठ्यानं वाचायची. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत, त्यात दिल्लीतलंही एक होतं, तिचा वापर सुरू केल्यावर मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचं 11 वरून 7 टक्क्यांवर आलं. हे 2009 साली प्रसिद्ध झालं. त्या कामाचे म्होरके डॉ. अतुल गावंडे, त्यांच्या वडिलांचं गाव उटी, आपल्या नांदेडपासून पैनगंगेपलीकडं, उमरखेडकडचं. मला त्या यादीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की चिरा घेण्याआधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं. एकदा तोंड उघडलं की नव्या सिस्टरलाही पुढं ‘सर, एक मॉप कमी आहे’ म्हणायचं बळ येतं. कुणाला काही करायचं असेल तर ही यादी आपल्या ओटीच्या भाषेत, भिंतीवर दिसेल अशी नीट मांडा. तोही चांगला प्रोजेक्ट आहे.

पाय, कान आणि वीज

कॉटरीच्या पेडलला पिवळा भाग कापण्यासाठी आणि निळा रक्त गोठवण्यासाठी असतो. हा रंग बदलू नका. सर्जन खाली बघत नाहीत, पायानं चाचपतात, तेव्हा दोन भागांमध्ये बुटातूनही कळेल असा उंचवटा ठेवा. पेडल फरशीवर सरकता कामा नये.

आवाज जोडायच्या आधी भूलतज्ज्ञांना विचारा. त्यांच्या मॉनिटरचा ठोका ऐकून त्यांना ऑक्सिजन उतरतोय हे कळतं, कारण तो आवाज खाली उतरत जातो. तुमच्या यंत्राची टूंटूं त्यावर चढली तर तुम्ही त्यांचा कान काढून घेतलात.

वीज जाते. जनरेटर लागेपर्यंतच्या क्षणांत तुमचं यंत्र काय करतं, ते प्लग काढून बघा. वीज आल्यावर ते आपोआप चालू होता कामा नये. आधीची सेटिंग दाखवत थांबलं पाहिजे. अडकलेलं असेल तर विजेशिवाय, हातानं सुटलं पाहिजे. असिस्टंटचे हात मोकळे करायला टेबलाला लावायचा रिट्रॅक्टर, म्हणजे जखम ओढून उघडी धरणारं अवजार, करत असाल, तर हेच पहिलं बघा: भूलतज्ज्ञ म्हणाले ‘टेबल तिरपं करा’ की एका हातानं, एका झटक्यात तो ढिला होतो का.

पैसे, दुरुस्ती, परवाना

दुरुस्ती कोण करणार, ते आखतानाच ठरवा. वाळूजच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये सुटा भाग बनेल असा ठेवा, नाहीतर तीन महिन्यांत ते मागच्या कपाटात जाईल. कमी खर्चात नीट काम करणारी माणसं आपल्याकडं झाली आहेत. धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याला डॉ. टोणगावकरांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत बसवायच्या महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं. पुढं युगांडात तशाच स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी रीतसर तुलना झाली, 2016 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि वर्षभरात हर्निया पुन्हा होण्यात किंवा गुंतागुंतीत ठळक फरक आढळला नाही. ईशान्य भारतात डॉ. ज्ञानराज यांनी पोटात वायू न भरता, पोटाची भिंत वर उचलून दुर्बिणीची शस्त्रक्रिया खेड्यांपर्यंत नेली. पण हेही बघा की मच्छरदाणी सरसकट सगळ्या चालत नाहीत. कापड कशाचं आहे, वाफेत टिकतं का, हे तपासावं लागतं.

रुग्णावर वापरायच्या वस्तूला वैद्यकीय उपकरण नियम, 2017 लागू होतात. ते 1 जानेवारी 2018 पासून अमलात आहेत आणि धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे चार वर्ग करतात. तुमचं अवजार कोणत्या वर्गात बसतं, ते आधी बघा. चाचणीसाठी रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी हवी. तोपर्यंत खाटकाकडून आणलेलं बकऱ्याचं आतडं, कोंबडीची मांडी यांवर सराव करा. कुणी डॉक्टर उत्साहानं ‘उद्या एका केसमध्ये वापरून बघू’ म्हणाले, तरी तुम्ही नाही म्हणा.

चाचणी झाली की सर्जनला, असिस्टंटला, सिस्टरला, मामांना आणि मावशींना वेगवेगळं विचारा. सगळ्यांना एका खोलीत बसवलंत तर सर बोलतील आणि बाकीचे मान डोलावतील. प्रत्येकाला एकच विचारा: हे आल्यामुळं तुमचं कोणतं काम वाढलं? मामांना आणि मावशींना नाव लिहून द्यायचं नसेल तर लिहू नका, पण त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहा, आणि दुसरा नमुना त्या कागदावरून सुरू करा.